वाटीच्या तळाचं कडं

भिंगारच्या मिशन दवाखान्यात तपासणीचं काम करणाऱ्या शलमोनच्या हाताखालून चौदा वर्षांत लघवीच्या किती बाटल्या गेल्या असतील, देव जाणे. बाकीचे नाकाला रुमाल लावायचे, हा उजेडाला धरून बघायचा. बाईला दिवस गेलेत का, हे सांगणं तर त्याचंच काम. प्लॅस्टिकच्या पट्टीत करंगळीचं टोक मावेल एवढ्या वाट्या असत. त्यांत बाईची लघवी, औषध आणि मेंढीच्या रक्तपेशी थेंबाथेंबाने सोडायच्या अन् दोन तास पट्टीला धक्का लागू द्यायचा नाही. पोटात गर्भ असला की शरीर लघवीतून तसा निरोप धाडतं, मग पेशी तळाशी लाल कडं करून बसतात. नसला तर नुसता पातळ थर. कडं वाचायला यंत्र नव्हतं, शलमोनचा डोळा होता. डॉक्टरीणबाई म्हणत, "शलमोनने पाहिलं ना? मग झालं."

ही शाबासकीच त्याला भोवली. बहात्तर साली डोळ्यांवर मोतीबिंदूची साय धरू लागली, ते त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. सिस्टर सारा शेजारच्याच खोलीत असे. "जरा बघ गं," एवढंच म्हणायचं होतं, पण मोठेपणा आडवा आला.

त्याच वर्षीच्या दुष्काळात घोडेगावची चांगुणा आली. सरकारी कामावर खडी फोडताना दोनदा तिचा गर्भ पडला होता. म्हणाली, "कडं असंल तर काम सोडायचं, धनी म्हनलेत. नसंल तर जायाच पायजे, घरात दाना न्हाई." शलमोनने पट्टी खिडकीशी नेली. सगळं लालसर, धूसर. कडं काही दिसेना.

"नाही बाई," त्याने ठोकून दिलं.

आठव्या दिवशी तिला टेम्पोत घालून आणलं. तिसरंही गेलं होतं. चाचणी कधीकधी चुकते, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी विषय मिटवला आणि हा भेकड गप्प राहिला. पुढे वर्षभर त्याला धड जेवण गेलं नाही. प्रार्थनेला बसला तरी तोंडातून शब्द फुटत नसे.

दुसऱ्या वर्षी चांगुणा परत आली. बाटली घ्यायला साराने हात पुढे केला तर तिने ती पदराखाली ओढली. "न्हाई, शलमोनभाऊच बघत्याल. मागं बी त्यांनी दिसलं त्येच सांगितलं. माझंच नशीब फुटकं."

दोन तासांनी शलमोन खिडकीशी उभा राहिला. साऱ्या वाट्या त्याला सारख्याच दिसत होत्या. शेवटी त्याने पट्टी साराला दिली.

"अहो, कडं आहे की! केवढं ठसठशीत," सारा म्हणाली.

चांगुणा रडत रडत त्याच्या पाया पडायला वाकली. त्याने पाय मागे घेतले.

"मला दिसलं नाही, बाई. मागच्या वेळीही दिसत नव्हतं."

ती हळूहळू उभी राहिली. तिचा हात पोटावर गेला.

"मंग तवा का न्हाई सांगितलं, भाऊ?"

एवढं होऊनही ती त्याला भाऊच म्हणाली, ते त्याला सोसलं नाही.