चावी पिळल्याचा आरोप

आमच्या वडिलांवर एक आरोप होता. लग्नात सासरहून मिळालेलं मनगटी घड्याळ त्यांनी चावी जास्त पिळून बंद पाडलं. फिर्यादी माझे थोरले मामा, साक्षीदार तेच, न्यायाधीशही तेच. कुठल्याही कार्यात पंगत बसली की वडिलांचं रिकामं मनगट त्यांना दिसायचंच.

"दाजी, घड्याळ म्हंजे चऱ्हाट न्हाई, पिळ पिळ पिळायला!"

लोक हसायचे. वडील मान खाली घालून भात कालवत राहायचे.

मी घराण्यातला पहिला पदवीधर. पण मामांपुढं पदवीचं काय चालतं? "लई शिकलास म्हनं. बापाचं घड्याळ चालू कर की मग."

यंदा श्रीगोंद्याला मामांच्या नातीचं लग्न निघालं. मी आईच्या ट्रंकेतून घड्याळ काढलं आणि नगरला नेलं. घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं.

"तेल वाळून गोंद झालाय. सर्व्हिसिंग कधी केलेलं?"

"कधीच नाही. चावी जास्त दिली म्हणून बिघडलं, असं म्हणतात."

"चावी भरली की आपोआप अडते. स्प्रिंग शाबूत आहे. कोण म्हणतं असं?"

"मामा."

"प्रत्येक जुन्या घड्याळाला एक मामा असतोच."

डायल नवीन रंगवून देऊ का, असंही त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. मामांना ओळख पटायला हवी होती.

साफसफाई, तेलपाणी होऊन घड्याळ चालू झालं. मांडवात मामांनी वडिलांचं मनगट ओढून कानाला लावलं आणि काढा प्यायल्यासारखं तोंड केलं.

"चालतंय खरं. पन दाजी, चावी पोराला देऊ द्या. तुमी हात लावू नका."

वडिलांनी घड्याळ काढलं आणि सगळ्या पाव्हण्यांदेखत चावी द्यायला लागले. सावकाश.

"बास, दाजी."

वडील थांबेनात.

"आवो, तुटंल!" मामा चक्क मागं सरकले.

चावी अडली. वडिलांनी घड्याळ मामांच्या कानाशी धरलं. "ऐका, पाव्हनं."

मामांनी ऐकलं. फेटा सारखा केला. मग चारचौघांत म्हणाले, "आमचा माल पयल्यापास्नं चांगलाच हुता."

"मग दादा, इतकी वर्सं आमच्या मानसाला बोल का लावलास?" आई म्हणाली.

मामांना एकाएकी आचाऱ्याकडं काम निघालं.