स्फटिक माझा हाय

सरांनी माझी पिशवी टेबलावर उपडी केली. सगळ्या लॅबसमोर. डबा, कंगवा, एसटीचा पास, आणि कापडाची एक घडी. ती घडी माझ्या एका सीनिअरनं पेन्सिलच्या टोकानं उलगडली. बाईमाणसाच्या गरजेची वस्तू होती. कुणीतरी फिस्सकन हसलं.

भट्टीतली प्लॅटिनमची क्रुसिबल गायब झाली होती. वाटीएवढीच मूस, पण महागडी. बेलापूरच्या त्या लॅबमध्ये आम्ही कितीतरी जण. झडती फक्त माझी. मंडल आयोगाच्या वादाची धग तेव्हा अजून विझली नव्हती.

"उरणकडची ना तू? कोट्यातून घेतलं तुला," सर म्हणाले. "खाल्ल्या मिठाला तरी जाग."

मीठ! माझी आई जन्मभर मिठागरात राबली. मीठ कुणी पिकवलं, कुणी खाल्लं, सगळं ओठांवर आलं होतं. नुसती लाज वाटली. आणि लाज मलाच का, म्हणून डोकं भणभणलं.

अरे, त्या क्रुसिबलमध्ये माल माझाच होता! नीओडिमियम ऑक्साइड आणि बोरिक ॲसिड वितळवून मी भट्टी आठवडाभर सावकाश थंड करत आणली होती. घाई केली की नुसती काच होते. दम धरला तर स्फटिक धरतो. त्याची आतली रचना अजून कुणी सोडवली नव्हती. माझी पीएचडी त्यावरच उभी होती. आपलंच पोर कोण चोरतं?

आई म्हणायची, "पानी हलवू नको गो, मीठ बारीक पडल." त्या एका वाक्यावर मी बोरेटचे स्फटिक धरायला शिकले.

दुपारी शिपायानं ॲसिडची बाटली काढायला सीनिअरचं कपाट उघडलं. आत क्रुसिबल.

"अरे, मीच ठेवली होती. विसरलो," सीनिअर म्हणाला.

सर हसले. "भारी विसरभोळा बुवा तू!"

मी चोर, तो विसरभोळा. आत स्फटिक होता, साबुदाण्याएवढा, जांभळा. भोवती चिकटलेली काच ॲसिडनं धुऊन काढलेली. विसरणारा माणूस एवढं निगुतीनं धुतो?

"झालं गेलं," सर सीनिअरकडे बोट करून म्हणाले. "रचना सोडवायला एक्स-रेला हाच घेऊन जाईल. तुला ते मशीन झेपायचं नाही. तू पुढचं मिश्रण खलायला घे."

तेव्हा डोळे उघडले. झडती माझी चालली होती, आणि चोरी तिकडे.

मी चिमट्यानं स्फटिक उचलला. छोट्या बाटलीत घातला. बाटली त्याच पिशवीत, त्याच घडीशेजारी.

"घ्या झडती आता," मी म्हणाले. रागात आईची बोली तोंडात आली. "स्फटिक माझा हाय. एक्स-रेला मीच बसनार."

"गाइड मी आहे, विसरू नकोस."

"मी काय विसरत नाय, सर."

कुणी पिशवीला हात लावला नाही. माफीही कुणी मागितली नाही. नकोच होती. तेव्हापासून कुणी गोड हसून 'झालं गेलं' म्हणालं की मी आधी त्याचे हात बघते.

पिशवी खांद्याला लावून मी दाराबाहेर पडले. शोधनिबंधावर पहिलं नाव माझं येईल. नाहीतर ती बाटली पिशवीतून बाहेर निघणार नाही.