नळी गार होईपर्यंत

गोंदियाहून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र गाठायला एक रात्र रेल्वेत काढावी लागते. तरी माझं पोट समुद्रावर चालतं, आणि तेही गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या घराच्या माडीवर बसून. जहाजावर न चढता ही जहाजाचं काय काम करते, असं विचारणाऱ्यांना मी पूर्वी कागदावर चित्र काढून समजावत असे. आता कंटाळले. हल्ली "कॉम्प्युटरचं काम आहे" म्हणते आणि विषय मिटवते.

वाचणाऱ्यांना मात्र सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नैसर्गिक वायू उणे एकशे बासष्ट अंशांपर्यंत गार केला की त्याचा द्रव होतो आणि सहाशे खोल्यांतला माल एका खोलीत मावतो. मोठी जहाजं तो दूरदेशाहून आणतात. पण लहान बंदरात ती शिरत नाहीत. मग खोल पाण्यातच एक लहान जहाज त्यांच्या कुशीला लागतं, मध्ये रबराचे अवाढव्य फुगे सोडतात, आणि लवचिक नळ्यांतून हा द्रव एकातून दुसऱ्यात ओततात. दोन्ही जहाजं लाटांवर हलत असतात. नळ्या कशा जोडायच्या, किती गार करायच्या, झडप कधी पूर्ण उघडायची, बिनसलं तर जोड क्षणात कसा सोडवायचा, याची पायरी-पायरीने पुस्तिका लिहिणं हे माझं काम.

गेल्या वर्षी आमच्या एका लहान जहाजावर दोनदा गळती झाली. दोन्ही वेळा एकाच जागी, नळी जिथे जहाजाच्या पाइपला जोडतात त्या जोडातून. हा द्रव डेकच्या पोलादावर पडला तर पोलाद तडकतं. म्हणूनच जहाजाच्या कडेने सतत पाण्याचा पडदा सोडून ठेवतात. दोन्ही वेळा माणसं वेळेवर बाजूला झाली आणि झडपा बंद झाल्या. कॅप्टन केरळचा, शांत माणूस, पण दुसऱ्या गळतीनंतर त्याने लिहून कळवलं की कारण सापडेपर्यंत तो कुणालाही त्या जोडाजवळ उभं करणार नाही.

कारण मला दिसत होतं. पुस्तिकेत लिहिलं होतं की आधी थोडा द्रव सोडून नळी आणि पाइप चाळीस मिनिटं गार करा, मग झडप पूर्ण उघडा. हे चाळीस मिनिटांचं कलम आमच्या साहेबांनी पूर्वी दुसऱ्या एका जहाजासाठी लिहिलेलं. त्या जहाजाचा पाइप आखूड होता, याचा लांब, चाळीस मिनिटांत सगळीकडून गार न होणारा. साहेबांनी कलम जसंच्या तसं उचललं होतं. मी म्हटलं, मिनिटं काढून टाका. पाइपच्या बुडाला एक तापमापक लावा आणि पाठीवर, म्हणजे वरच्या बाजूला, एक. दोन्ही आकडे जवळ येईपर्यंत झडपेला हात लावायचा नाही.

साहेब म्हणाले, "जहाजावरच्या माणसाला वेळ सांगावी लागते. 'आकडे जवळ येईपर्यंत' म्हणजे किती वेळ?"

मी म्हटलं, "लागेल तितका."

हे उत्तर मी जरा तोऱ्यात दिलं, कबूल करते. साहेबांनी तेव्हाच सांगून टाकलं. आढावा समितीला पटवता आलं तर ठीक. नाही तर जुनीच पुस्तिका चालेल आणि पुढचं काम किनाऱ्यावरच्या ऑफिसकडे जाईल. काम जाण्याचं मला वाईट वाटलंच असतं, पण त्याहून मोठी धास्ती तिसऱ्या गळतीची होती. तिसऱ्या वेळी माणसं वेळेवर बाजूला होतीलच हे कुणी लिहून देणार होतं?

समितीसाठी मी आठवडाभर गणितं केली. आलेख काढले. एका सदस्याने ते पाहून "सैद्धांतिक वाटतं" असा शेरा मारला. त्या शेऱ्याने माझं डोकं जे फिरलं, ते घेऊनच मी जेवायला खाली उतरले.

खाली बाबूजी नायट्रोजन ओतत होते.

बाबूजी म्हणजे माझे वडील. जनावरांना कृत्रिम रेतन करतात. गावोगावी लोक त्यांना डॉक्टर म्हणतात, ते स्वतःला म्हणत नाहीत. रेतनाच्या, म्हणजे वीर्य भरलेल्या, कांड्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात, आणि तो आमच्या जहाजातल्या द्रवापेक्षाही गार असतो. घरात त्याचा एक मोठा डबा आहे आणि मोटरसायकलला बांधून न्यायचा एक छोटा. मोठ्यातून छोट्यात ओतणं मी जन्मापासून पाहत आलेय. आधी घोटभर ओततात. आत ते तडतडतं, पांढरा धूर फुसफुसत वर येतो. बाबूजी पायरीवर बसून राहतात. धूर बसला की पुन्हा थोडं. मग छोट्या डब्याच्या नरड्याला बाहेरून हाताची पाठ लावून बघतात, कान देतात, आणि मगच भरतात. घड्याळाकडे बघताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही.

त्या दिवशी मी चिडून विचारलं, "इतका वेळ काऊन लावता? बूड तर कधीचं थंडं झालं."

ते म्हणाले, "बूड थंडं झालं म्हून नरडं थंडं झालं असं नसते, माय. एकडाव मी फसलो होतो."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. माझ्या जन्माआधीची. चोरखमाऱ्याकडच्या एका माणसाची म्हैस माजावर आली होती आणि निरोपावर निरोप येत होते. डबा नवा होता, रिकामा, उन्हात तापलेला. बाबूजींनी घोटभर ओतून लगेच काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि निघाले. पोचेपर्यंत डब्यात बुडापुरतं उरलं होतं. बाकीचं वरच्या गरम भागाने उकळून उडवून टाकलं होतं. कांड्या खराब झाल्या, हे त्यांना तेव्हा कळलं नाही. म्हैस उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. तो माणूस पुढे वर्षभर भर बाजारात त्यांना "घाईचा डॉक्टर" म्हणत असे.

"मले राग नाई आला," बाबूजी म्हणाले. "खरंच बोलून रायला होता तो."

मी जेवले नाही. ताट झाकून ठेवलं आणि बाबूजींना विचारलं, मोठा डबा मला एक दिवस द्याल का. कायले, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही शिकलेल्या लोकांना पाइपचं नरडं दाखवायचं आहे. त्यांनी आठवड्याभराच्या कांड्या ओळखीच्या माणसाच्या डब्यात ठेवायला दिल्या आणि डबा माझ्या स्वाधीन केला.

गोंदियात समुद्र नाही, पण राइस मिली आहेत, आणि मिली आहेत तिथे पाइप वाकवणारे, जोडणारे, कापणारे कसबी हात आहेत. एका वेल्डरकडून मी मनगटाएवढ्या जाडीचा, माणसाच्या दुप्पट लांबीचा स्टीलचा पाइप आणला. एका टोकाला ओतायला नरसाळं, दुसरं टोक मोकळं. अंगणात दोन लाकडी ठोकळ्यांवर तो आडवा ठेवला. बुडाला तीन तापमापक लावले, पाठीवर तीन. मधोमध पाइपखाली एक लाकडी फळी उभी केली, पाइपला जेमतेम टेकेल अशी. मोबाइल स्टुलावर उभा केला आणि सकाळी दहाला समिती पडद्यावर आली. पाच जण, सगळे वातानुकूलित. आमच्या अंगणात ऊन होतं आणि शेजारची कोंबडी.

बाबूजी हातमोजे आणि चष्मा लावून ओतायला उभे राहिले. मी म्हटलं, "बाबूजी, आज तुमच्या मनाविरुद्ध ओता. घाईत. पण धार बारीक ठेवा, म्हणजे नुसतं बूड भिजेल, आणि थांबू नका."

त्यांनी ओतलं. पाइपच्या बुडाला पांढरी दहिवराची रेघ धावत गेली. पाठ कोरडीच. बुडाचे आकडे धडाधड खाली आले, पाठीचे जागेवर बसून राहिले. आणि मग पाइपची पाठ वर उचलली गेली. बूड आकसलं होतं, पाठ आकसली नव्हती, त्यामुळे लोखंड कमानीसारखं वाकलं. फळी आणि पाइप यांच्यात आधी कागद जाईल इतकी फट पडली, मग बोट जाईल इतकी. मी माझी दोन बोटं त्या फटीत धरून कॅमेऱ्याला दाखवली, पाइपला न टेकवता.

"जुन्या पुस्तिकेप्रमाणे या क्षणी आपण झडप पूर्ण उघडतो," मी म्हटलं. "जोडाचे बोल्ट कुठल्या बाजूने सैल पडतील, सांगा."

ज्यांनी "सैद्धांतिक" लिहिलं होतं त्यांनी चष्मा काढून पुसला. मला इतका आनंद झाला की तो लपवायचा प्रयत्नही मी केला नाही.

मग बाबूजींनी त्यांच्या पद्धतीने ओतलं. थोडं, थांबून, पुन्हा थोडं. हळूहळू पाठीवरही दहिवर चढलं, आकडे जवळ आले आणि पाइप आपसूक फळीवर येऊन बसला. किती वेळ लागला हे कुणी मोजलं नाही. समितीने माझी नवी पुस्तिका मंजूर केली, मात्र एकाच फेरीपुरती. साहेब म्हणाले, ही फेरी नीट झाली तरच पुढचं.

फेरीच्या दिवशी मी सकाळीच माडीवर पडद्यासमोर बसले. जहाजावरचे आकडे माझ्याकडे जसेच्या तसे येत होते. बाबूजी त्या दिवशी कुठे गेले नाहीत. म्हणाले, गुडघा दुखतो. खुर्ची ओढून माझ्या मागे बसले तेव्हा गुडघा दुखत असल्यासारखा दिसला नाही.

नळ्या जोडल्या गेल्या. थोडा द्रव सुटला. बुडाचा आकडा उतरला, छान उतरला. वरचा उतरेना. चाळीस मिनिटं झाली, आणि साहेब कॉलवर आले. दुपारनंतर लाटा वाढणार होत्या. मोठ्या जहाजाला पुढे जायचं होतं. "बूड गार आहे, उघडा," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "वरचा आकडा आलेला नाही. उघडायचं नाही."

"हे मी कॅप्टनवर सोडू का?"

"सोडा. पण पुस्तिका त्याच्या हातात आहे आणि ती मी लिहिलीय."

कॅप्टन कॉलवर सगळं ऐकत होता. म्हणाला, "मॅडम, मेरे दो आदमी उस जोड के पास खड़े हैं. आप बोलिए, रुकूँ?"

"रुकिए," मी म्हटलं.

तो थांबला. आम्ही सगळे थांबलो. वरचा आकडा आधी सुस्तावल्यासारखा हलला आणि मग, पाठीवर एकदाचं दहिवर चढलं असावं, झरझर खाली आला. दोन्ही आकडे शेजारी येऊन बसले. बाबूजी मागून हळूच म्हणाले, "आता भर."

मी हेच वाक्य हिंदीत कॅप्टनला सांगितलं. झडप उघडली. जाड प्रवाह सुरू झाला, भरणाऱ्या टाकीतून वाफ परत यायला लागली, टाकीची पातळी चढायला लागली. जोड कोरडा. एक तास कोरडा, दोन तास कोरडा. लाटा वाढायच्या आत नळ्या रिकाम्या करून सोडवल्या गेल्या. संध्याकाळी कॅप्टनचा निरोप आला की जोडापाशी उभे केलेले दोघे दिवसभर नुसते उभे राहून कंटाळले. इतकी सुंदर तक्रार माझ्या कामाबद्दल आजवर कुणी केली नव्हती. मी खाली जाऊन दोन जणांचं जेवण एकटीने जेवले.

नंतरच्या फेरीला मी पुन्हा बसले, या वेळी एकटीच. बाबूजी नागऱ्याकडच्या एका गोठ्यावर गेले होते. बुडाचा आकडा उतरला, वरचा रेंगाळला, आणि चाळीस मिनिटांनी साहेब कॉलवर आले. मी बोलायला तोंड उघडलं.

"सर, ऊपर का नंबर नहीं आया," कॅप्टन माझ्याआधी म्हणाला. "मैं नहीं खोलूँगा."

साहेब म्हणाले, "ठीक आहे, थांबू."

मी तोंड मिटलं आणि माइक बंद केला. त्या दिवशी त्यांना माझी गरज नव्हती.