ताईचं आतडं

माझी मोठी बहीण लहानपणापासून जाड होती. वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला, आम्ही कॉलनीत राहायचो, आणि तिथं ताईच्या जाडीबद्दल कोणी फारसं बोलत नसे. लग्नाचं बघायला लागल्यावर मात्र बोलणं सुरू झालं. पुष्कळ मुलं बघून गेली. शेवटी अमेरिकेत इंजिनियर असलेल्या भाऊजींशी जमलं. तिकडं गेल्यावर तिचं वजन आणखी वाढलं, गुडघे धरले. मग सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात ती माहेरी आली, तेव्हा नागपूर स्टेशनवर आम्ही तिला न ओळखता तिच्याजवळून तसेच पुढं गेलो. ती अर्धी झाली होती.

"तिकडं ऑपरेशन केलं," एवढंच तिनं सांगितलं. ऑपरेशननं माणूस बारीक होतो, हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या, कौतुक करून गेल्या. ताई सगळं खायची. पण जेवण झालं की मागच्या अंगणातल्या संडासाकडं जायची आणि परत आली की थोड्या वेळानं पुन्हा जायची. पाणी मानवत नसेल म्हणून आई तिला पाणी उकळून देऊ लागली.

त्याच महिन्यात खापा या गावी मामेबहिणीचं लग्न होतं. आम्ही एसटीनं निघालो. वाटेत ताईनं आईचा हात घट्ट धरला आणि गाडी थांबवायला सांगितली. मे महिना, दोन्ही बाजूंची वावरं उघडी, आडोशाला झुडूपही नव्हतं. आई तिला घेऊन उतरली. त्यांच्या मागोमाग गाडीतल्या दोन अनोळखी बायका न सांगता उतरल्या, पिशवीतलं लुगडं काढून त्यांनी आडवं धरलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसलो. ताई परत येऊन बसल्यावर त्यानं गाडी सुरू केली.

लग्नघरी मागच्या खोलीत तिनं आईला सगळं सांगितलं. मी तिथंच होतो.

"आतडं लांब असते. त्यातलं बरंचसं त्यांनी वाटेतून बाजूले केलं. खाल्लेलं अंगी लागत नाही, तसंच निघून जाते."

"कापून फेकलं काय?" आईनं विचारलं.

"नाही. आतच आहे."

"मग परत जोडता नाही येत?"

"येते. तिकडं कित्येक जणी जोडून घेऊन राहिल्या. कोणाचं लिव्हर बिघडलं, कोणाले मुतखडा झाला. मलेही झाला होता. पण जोडलं की मी पुन्हा पहिल्यासारखी होईन."

"होऊ दे ना वं. पहिले काय वाईट होती तू?"

"तुले म्हणणं सोपं आहे. पाहायले यायचे तेव्हा त्यांच्यासमोर मी बसत होती, तू नाही."

 आई ताईचे पाय दाबत बसली.

खाप्याहून परतल्यावर वडिलांनी तिला नागपुरातल्या एका सर्जनकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि सरळ सांगितलं, की असं ऑपरेशन त्यांनी स्वतः कधी केलेलं नाही, पण शरीर फार दिवस हे सोसणार नाही. ज्यांनी केलं त्यांच्याकडूनच जोडून घ्या. भाऊजींना ट्रंक कॉल लावला. "मी पुन्हा जाड होईन, चालेल का?" असं ताईनं आमच्या सगळ्यांसमोर विचारलं. लाइन खराब होती, तिला तीच गोष्ट ओरडून पुन्हा विचारावी लागली. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "ते माझं लवकरचं तिकीट काढून राहिले."

तिकडं गेल्यावर तिनं आतडं जोडून घेतलं. पोट ठीक झालं, अंगात ताकद आली आणि वजनही आलं, जवळजवळ सगळं. पुढं ऐंशीच्या दशकात तिच्या डॉक्टरांनी नवं ऑपरेशन सुचवलं. आता आतड्याला हात न लावता जठरच टाके घालून लहान करत होते. ताईनं त्यांना विचारलं, बऱ्याच वर्षांनी याचं काय होतं? ते म्हणाले, ते अजून सांगता येत नाही. "मग कळेपर्यंत मी थांबते," असं सांगून ती घरी आली.

त्या वर्षी ती पोहायला शिकली. पाण्यात गुडघे दुखत नाहीत, असं तिनं आईला फोनवर सांगितलं.