आधी रफ, मग फेअर

शाळेसमोर दुकान असलं की किस्से विकत घ्यावे लागत नाहीत. पाटी-पेन्सिल घ्यायला आलेली पोरंच आणून टाकतात. गूळ पडून राहिला की पाझरतो, किस्सा पडून राहिला की मुरतो! सिंदीतलं माझं दुकान अशा मुरलेल्या मालानं भरलेलं.

* * *

ऐंशी साल उजाडायच्या आधीची गोष्ट. चौथीचे वानखडे गुरुजी वर्ध्याहून ट्रेनिंग घेऊन आले. निबंध आता पाच पायऱ्यांनी लिहायचा: विचार, मुद्दे, रफ, दुरुस्ती, फेअर! पहिल्या दिवशी अख्खा वर्ग डोळे मिटून विचार करत बसला. एवढी शांतता त्या शाळेनं कधी पाहिली नव्हती. हेडमास्तर धावत आले.

"काऊन हो गुरुजी, कोणी वारलं काय?"

* * *

रफ पाटीवर, फेअर कागदावर. दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "रफ दाखवा." पाट्या कोऱ्या करकरीत!

"पुसलं गुरुजी. चुका होत्या ना त्यात!"

* * *

दुरुस्ती शेजाऱ्यानं करायची. विषय 'माझे वडील'. आमचं गिऱ्हाईक नामदेव, त्याच्या पोरानं लिहिलं, 'बाबा पहाटे उठून वावरात जातात.' शेजारच्या मंदीनं ते खोडलं आणि वर लिहिलं, 'नाई जात. आई जाते.'

नामदेव तणतणत दुकानात आला. "शेठ, हे काय शिकवून राह्यले पोराइले?"

मी म्हटलं, "दुरुस्ती!"

* * *

मग बातमी आली, शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येताहेत. गुरुजींचा चेहराच उतरला. बायको सिंदीच्याच शाळेत मास्तरीण. शेरा बिघडला तर यांची बदली, म्हणजे दोन गावी दोन चुली. त्यांनी धोका पत्करला नाही. आधी फेअर निबंध फळ्यावर लिहून दिला, मग त्यावरून रफ घोटून घेतलं. "इथं चुका, इथं खोडा, इथं काना विसरा!"

मी शाळा समितीवर, म्हणून चहाच्या किटलीमागोमाग वर्गात शिरलो. साहेब पाटीमागून पाटी बघताहेत, आणि सगळ्यांचं एकाच जागी खोडलेलं! त्यांनी मंदीला विचारलं, "काय गं, सगळ्यांची चूक सारखीच कशी?"

"चूक बरोबर हाय, साहेब. गुरुजीनं तपासली!"

गुरुजींनी भिंत धरली. बाहेर एसटीचा हॉर्न वाजत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि बॅगेतून शेरा काढला, वर्ध्याहूनच टाईप करून आणलेला: 'पाचही पायऱ्या उत्तम राबवल्या.' खाली सही ठोकली.

मंदी टाचा उंचावून बघत होती.

"साहेब, याचं रफ कुठी हाय?"