न पाहिलेल्या सिनेमावरची टिक

रविवारी मयूर विहारला मामांकडे फक्त जेवायला गेलो होतो. सोमवारी सकाळी तिथे जे बघितलं, त्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही...

खरं तर मी दिल्लीत असायलाच नको होतो. हिमाचलात स्पितीला निघालो होतो, पण सरोजिनी नगरला जॅकेट घ्यायला उतरलो, मित्र भेटला आणि महिना झाला मुनिरकात त्याच्या खोलीवर पडलोय. असो, मुद्द्यावर येतो.

मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. सेंट्रल गव्हर्नमेंटमधून रिटायर झालेत आणि सिनेमांचे प्रचंड वेडे आहेत. सगळा साठा आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, आणि हॉलमधला टीव्ही नि मामीचा टॅबलेट त्यालाच जोडलेले. तिघांची लायब्ररी एकच. टीव्हीवर सिनेमा थांबवला की टॅबलेटवर तिथूनच पुढे सुरू होतो, आणि पूर्ण पाहून झाला की नावापुढे टिक येते.

जेवताना मामा म्हणाले, "तुला यातलं कळतं ना? बघ जरा. मी न पाहिलेल्या सिनेमांवर टिक येतेय. परवा एक लावला, तर थेट शेवटच्या मारामारीपासून सुरू."

"माझ्यावर डाउट आहे त्यांचा," मामी म्हणाली. "जसं काही मला तेवढाच उद्योग आहे."

मला तसं यातलं फार कळत नाही. बारावीनंतर जे शिकलो ते नेटवरचे फोरम वाचून... पण दुपारभर बसलो. सगळ्या टिक काढल्या, मामांना म्हटलं, झालं. चहा होईपर्यंत एक टिक परत हजर. टीव्ही बंद, टॅबलेट मामीच्या कपाटात.

मग लायब्ररीला कोण कोण जोडलंय ती यादी उघडली. कॉम्प्युटर, टीव्ही, टॅबलेट... आणि खाली चौथं नाव. 'वसंत-हॉल'.

वसंतमामा हे मामांचे सख्खे धाकटे भाऊ. याच सोसायटीत, याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. यमुनेपलीकडे कुणी फ्लॅट घ्यायला धजत नव्हतं तेव्हा दोघांनी मिळून इथे घेतले. पण सोसायटीच्या इलेक्शनला मामा सेक्रेटरीसाठी उभे होते आणि वसंतमामांनी भर मीटिंगमध्ये समोरच्या माणसासाठी हात वर केला. तेव्हापासून बोलणं बंद. मामांची बायपास झाली तेव्हाही ते आले नाहीत, असं मामीने सांगितलं.

बोलणं होतं त्या काळात वरून बाल्कनीतून एक नेटची वायर खाली टाकलेली होती. ती तशीच राहिली... आणि वरचा टीव्ही आजवर मामांचीच लायब्ररी वाचत होता.

मामांना स्क्रीन दाखवली. त्यांनी ते नाव वाचलं. मग म्हणाले, "काढून टाक त्याला."

मी पासवर्ड बदलला, चौथं नाव गेलं. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड, म्हणून मी खूशच होतो यार. उशीर झाला म्हणून तिथेच झोपलो.

सकाळी बेल वाजली. वाजली म्हणजे काय, कुणीतरी बोट ठेवलं ते काढेचना. मी दार उघडलं तर वसंतमामा, बनियनवर, पायात चप्पलसुद्धा नाही. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

"वहिनी, दादा कुठाय?"

"आंघोळीला गेलेत. का हो, काय झालं?"

ते तिथेच चपलांच्या रॅकवर बसले. "टीव्हीवर सगळं रिकामं येतंय... रोज उठलो की बघतो, दादाने काल काय पाहिलं. आज काहीच नाही. मला वाटलं..."

मी खरंच हादरलो. ज्याला मी दुपारभर बिघाड समजत होतो, त्यावरून हा माणूस रोज सकाळी भाऊ ठीक आहे ना ते बघत होता.

मामा ओल्या डोक्याने बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं बहुतेक.

"आणि माझे सिनेमे माझ्या आधी बघून ठेवतोस, ते?"

"रद्दी होता तो परवाचा. तुझा वेळ वाचवला."

"मीटिंगमध्ये पण वेळच वाचवत होतास का?"

"तुझं हार्ट त्या वेळीही ठीक नव्हतं दादा. सेक्रेटरी झाला असतास तर पाण्याच्या टँकरवरून भांडून भांडून गेला असतास."

मामांनी टॉवेल खुर्चीवर टाकला. मामीला म्हणाले, "याला चहा दे. बिनसाखरेचा." आणि मला म्हणाले, "जुना पासवर्ड टाक परत."

टाकला.

परत मुनिरकाला येताना मेट्रोत फोन काढला आणि पुण्याला असलेल्या ताईचं व्हॉट्सअ‍ॅपवरचं लास्ट सीन बघितलं. तासाभरापूर्वीचं होतं... म्हणजे बरी आहे. असंच बघत असतो मी कितीतरी महिने. मग लाज वाटून फोनच लावला.

उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "काय रे, काय झालं? कुठे आहेस? बरा आहेस ना?"