नेटीची गुलाबी धार

"गीझरच्या नळीची खिटी उघडी राहिलीय तुझी, नेटी. मान्य कर."

"बंद केलीय. सकाळी, याच हातांनी."

"मग माझ्या बुटांवर हे काय वाहतंय? सरबत?"

नेटी प्रोकोपचुकने झटकन पंप बंद केला आणि कॅरव्हानच्या दारातून मान बाहेर काढली. तिचा थोरला दीर ओरेस्त चाकापाशी उभा होता आणि त्याच्या पायांखालचा बर्फ गुलाबी झाला होता. नळ्यांत भरायचं ते न गोठणारं गुलाबी औषध रिकाम्या गीझरमध्ये शिरून तळाच्या भोकातून गळत होतं. चारपैकी दोन कॅन मातीत गेले. आज रविवार, डॉफिन गावातलं दुकान बंद. आणि रात्री पारा शून्याच्या खाली पंधरावर जाणार होता. नळ्यांत थेंबभर पाणी उरलं तरी त्या तडकणार.

"गिऱ्हाईक थांबवून ठेवलंय मी," ओरेस्त म्हणाला. कॅरव्हान दोघा भावांनी मिळून घेतलेली, म्हणून त्याचा आवाज मोठा. "ठरलंय आपलं. एकटीने हिवाळ्यासाठी नीट झोपवलीस तर गाडी तुझी. नाहीतर विकायची."

"दोन कॅन आहेत अजून. तू थंडी खात उभा राहा, तेवढं जमतं तुला."

सत्तावीस वर्षं नेटीने शाळेची पिवळी बस चालवली होती. चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं, तीच शेतं, तीच फाटकं. नवरा तारस होता तोवर कॅरव्हानही तळ्यापलीकडे कधी गेली नाही. तो जाऊन दोन वर्षं झाली. आता फ्रिजवर नकाशा चिकटवलेला होता आणि त्यावर तांबड्या पेन्सिलीची एक रेघ पार देशाच्या पूर्व टोकाला, नोव्हा स्कोशियापर्यंत गेली होती. सहासष्टाव्या वर्षी, मे महिन्यात, समुद्र बघायचा. नुसत्या विचाराने ती रात्री जागी राही, शाळेच्या सहलीच्या आदल्या रात्री पोरं राहतात तशी.

ती गाडीतल्या पलंगाखाली पालथी पडली. टॉर्च दातांत. गीझरची खिटी नळीला आडवी होती.

आडवी?

जगात सगळीकडे खिटी आडवी म्हणजे बंद. या एका गाडीत उलटं. तारसने मोडकी खिटी बदलताना नवी फिरवून बसवली होती आणि टॉर्च धरून बसलेल्या नेटीने त्याला तेव्हाच चार शब्द सुनावले होते. इथे बंद करायची तर नळीच्या रेषेत ठेवायची. सकाळी तिने तशीच ठेवली होती. आता खिटीशेजारी उंदीर शिरू नयेत म्हणून भोकात कोंबलेली तारेची घासणी चमकत होती. ती काही तिने कोंबली नव्हती.

नेटी हसली, इतकी की टॉर्च पडला. खिटी फिरवली, पंप लावला आणि धावली.

स्वयंपाकाचा नळ. फुस्स, हवा, पाणी, आणि गुलाबी. गरम पाण्याचाही गुलाबी. न्हाणीतला, गुलाबी. संडासातली पायाची कळ दाबली, गुलाबी. दुसरा कॅन अर्ध्यावर, मग तळाशी.

"ओरेस्त, बाजूला हो."

बाहेरच्या छोट्या झाकणामागे पाय धुवायचा फवारा होता, सगळ्यांत लांबचा. तिने तो उघडला. नुसती हवा. मग पाणी. कॅनच्या तळाशी पंप गुरगुरायला लागला. तेवढ्यात फवाऱ्यातून गुलाबी धार उडाली ती थेट ओरेस्तच्या कोटावर.

"दोन कॅनमध्ये," ती धापा टाकत म्हणाली. "मोज."

ओरेस्त कोट झटकत राहिला.

"आता एवढंच सांग. सकाळी माझ्याकडे पिरोगी, त्या बटाट्याच्या करंज्या, खाऊन तू उंदरांसाठी घासणी कोंबायला पलंगाखाली शिरलास. तिथे ती खिटी नळीच्या रेषेत बघून वाटलं ना तुला, बाईमाणूस, उघडीच ठेवली असणार, आणि फिरवलीस?"

ओरेस्तने टोपी कानांवर ओढली, गुलाबी बर्फ तुडवत आपल्या पिकअपकडे गेला आणि दार लावून घेतलं.